उणे तीन ते अधिक तीन

नवतपा सुरू व्हायला चार दिवस होते.
सिव्हिल लाइन्सच्या एका तीनमजली कचेरीत
मी तिपाई उघडली, तिच्यावर काळा गोळा लावला.
तांब्याचा, पोकळ, पोटात थर्मामीटर.
भिंतींनी काय गिळून ठेवलंय, ते त्याला कळतं.
टेंभुर्णे बाबू चष्म्यावरून बघत म्हणाले,
"कोनाची नजर लागली काय मॅडम, हाफिसाले?"

प्रश्न पहिला: या क्षणी तुम्हाला कसं वाटतंय?
उणे तीन, फार थंड. अधिक तीन, फार गरम.
मध्ये शून्य.
प्रश्न दुसरा: हे तुम्हाला चालतं का?

साहेबांच्या केबिनमध्ये चोवीस अंश.
काचेला बाहेरून घाम.
साहेबांनी अधिक दोनवर खूण केली
आणि फोनकडे पाहिलं.
तीन वाजता मुंबईहून येणार होता.

वरच्या हॉलमध्ये चौदा माणसं, कूलर एक.
त्याचं तोंड नांदनवार बाईंकडे,
त्यांच्या कपाळात दिवसभर खसाचा कुबट वारा.
त्याचं बटण टेंभुर्ण्यांच्या हाताशी,
जिथे वारा पोचतच नाही.
शर्ट पाठीला चिकटलेला, तरी त्यांनी लिहिलं शून्य.
खुर्ची बदलून देऊ का, विचारलं,
तर दचकले. बटणावर हात ठेवला.

शेलोकर बाईंनी अधिक तीन लिहिलं, मग खोडलं,
मग मला जिन्यापाशी नेऊन हळूच म्हणाल्या,
"हे बाहेरचं नाई, मॅडम. आतून येते,
पंख्याखाली बसली तरी.
घरी सांगत नाई, इथं त कसं सांगू?"
माझ्या तक्त्यात हवेचा वेग होता,
आर्द्रता होती, अंगावरच्या कपड्यांचा हिशेब होता.
मी समासात एक टिंब दिलं.

उईके बादली घेऊन चौथ्यांदा वर आला.
उन्हातला नळ, तीस पायऱ्या, कूलरची टाकी.
त्याचं नाव यादीत नव्हतं,
तो एका जागी बसत नाही म्हणून.
"टाकीत हात बुडवतो न," तो म्हणाला,
"तेवढी थंडाई माही."

तळघरात रेकॉर्ड रूम.
खिडकी आहे, गठ्ठ्यांच्या मागे.
गोळा साडेएकोणचाळीसवर जाऊन थांबला
आणि माझ्याच मानेवरून ओघळ निघाला.
मारोतराव सहारे, वय एकोणसाठ, कंत्राटी,
गळ्यात ओला दुपट्टा, खिशात कांदा.
त्यांनी पेन्सिल जिभेला लावून
शून्याभोवती गोल काढला, सुबक.
मी म्हटलं, काका, नीट आठवून सांगा.
"आठवूनच सांगतो बाई.
बावीस वर्सं फाउंड्रीत भट्टीवर होतो."

दुसऱ्या प्रश्नावर मात्र ते अडले.
कागद दूर धरला, जवळ आणला.
"नाई लिहिलं त काय होते?"

मला उत्तर आलं असतं तर
ते इथे लिहिलं असतं.
"मंग हो लिवा," ते म्हणाले
आणि पुढचा गठ्ठा सोडू लागले.

रात्री साडेदहाला मानेवाड्याच्या माझ्या खोलीत,
शेवटचा मजला, वर नुसता स्लॅब,
मी गोळा पलंगाशी उभा केला. छत्तीस पूर्णांक आठ.
एक कोरा फॉर्म उरला होता.
अधिक तीन लिहिलं. मग वाटलं, तीन म्हणजे सहारेंच्या खोलीत.
दोन केलं. मग उईके आठवला.
असं करत करत कागद फाटायला आला
आणि लाइट गेली.

जिन्यात शेजारचे पराते भेटले, बगलेत चटई.
"चला, वर हवा हाय."
मी गोळाही सोबत घेतला.

वर हवा नव्हती.
आंब्याचं पान हलत नव्हतं.
सगळी बिल्डिंग हवा आहे असं धरून
आडवी झाली होती, आणि कोणीतरी म्हणालं,
"आता कसं बरं वाटते."
तीन-चार जणांनी हूं केलं.
त्यात एक मी होते.